लाल दोऱ्याची गाठ

"अजून वर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एवढाच जातोय हात."

"कोण म्हणतं? ओढ ती दोरी वर. मी पोहोचते."

आमच्या बैठकीच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी उजवा हात वर धरला होता आणि मी स्टुलावर गुडघा टेकून त्यांच्या बोटांशी दोरी धरली होती. दोरीचं खालचं टोक चाकाखाली दाबलेलं. बोटं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खालच्या कडेला जेमतेम लागत होती. त्यांचं म्हणणं, ती खालच्या ओळीतल्या तारखांपर्यंत जातात.

मी बायकांचे कपडे शिवते. वीस वर्षं झाली, गळ्यात टेप आहे. त्यामुळे एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते: मापाला उभं केलं की माणूस खोटं बोलतो. कुणी पोट आत ओढतं, कुणी टाचा उचलतं. मी वाद घालत नाही. हो हो म्हणते, वहीत खरं माप लिहिते, आणि कपडा बरोबर बसतो. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

त्या दिवशीही तसंच करायला हवं होतं. पण सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मला धाकात ठेवणारी ती एवढीशी बाई. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मला विनवणी दिसली, आणि माझा धीरच सुटला.

"इथे?" मी विचारलं.

"हां, तिथे. बांध. आणि लाल दोरा लाव, तुझ्या सासऱ्यांना लांबून दिसत नाही."

मी गाठ बांधली. खऱ्या मापापेक्षा चार बोटं वर.

या दोरीमागची गोष्ट अशी. त्या वर्षी पाऊस सरता सरता सासूबाईंच्या पायांतलं बळ गेलं. नसांचा आजार. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की पायांपासून सुरू झालाय, हातांवर येईल आणि मग श्वासावर. किती दिवसांत ते सांगता येत नाही. सासूबाईंना आम्ही शहरात आमच्याकडे आणलं. सासरे तिकडे घरी एकटे राहिले. आणि आमच्या ह्यांनी जाहीर करून टाकलं, की आता ते घर बंद करायचं, दोघांनी कायमचं इकडे यायचं.

खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. दर शनिवारी दोन तास गाडी हाकत तिकडे जा, त्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी. पण सासूबाई आमच्याकडे आल्या आणि गप्प झाल्या. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा उभ्या जन्मात कधी थांबला नाही, ती खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या मोजायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, कोंबड्यांना कोण दाणे टाकत असेल?"

सासऱ्यांचा फोन आला. "मला एक महिना द्या. घर तिच्यासाठी करून देतो."

"बाबा, घर बदलून आजार थोडाच जातो?" आमचे हे चिडून म्हणाले.

"आजाराचं तू बघ, घराचं मी बघतो."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी ह्यांनी अट घातली, की महिन्याने आम्ही आईला घेऊन येतो. तिने तिच्या स्वयंपाकघरात, कुणाचाही हात न लागता, स्वतःचा चहा करायचा. जमलं तर दोघं तिकडेच राहा. नाही जमलं तर घराला कुलूप, पुन्हा हा विषय नाही.

"कबूल," सासरे म्हणाले. "फक्त तिचं माप पाठवा."

मी आकडे सांगायला लागले तर मध्येच तोडलं मला. "आकडे नकोत पोरी. आकड्याला हात नसतो. दोरी पाठव."

सासरे सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चिडवायचं असलं की सासूबाईही. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन, विहीर, मागे कोंबड्यांचं खुराडं, लाकडांची चळत आणि मधोमध त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं घर. वर्षभर ते लोकांची दारं-खिडक्या करत. हिवाळा मात्र घराचा. थंडी पडली की बाहेरची कामं बंद, आणि घरातलं काहीतरी एक काढायचंच. एका हिवाळ्यात ओटा, एका हिवाळ्यात कपाट, एका हिवाळ्यात नुसती खिडकीची एक झडप. तीन महिने घरभर भुसा. सासूबाई म्हणायच्या, "आमच्याकडे हिवाळ्यात चहात साखरेआधी भुसा पडतो."

आणि मापाची त्यांची एकच पद्धत. हातातला रंधा ठेवायचा आणि हाक मारायची, "अगं, जरा इकडे ये गं."

सासूबाई ओले हात पदराला पुसत यायच्या. भिंतीशी उभ्या राहायच्या, हात वर करायच्या. सासरे कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या बोटांशी रेघ मारायचे. त्या रेघेवर फळी. कोपराशी रेघ, तिथे ओटा. खांद्याशी रेघ, तिथे दिव्याचं बटण. चाळीस वर्षांत त्या घरात टेप म्हणून लागली नाही. अजूनही चुना खरवडला तर खाली पेन्सिलीच्या रेघा सापडतील.

आता सासूबाई होत्या बुटक्या, अगदी माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. आणि सासरे सहा फुटी. त्यामुळे स्वतःच्याच घरात हा माणूस चाळीस वर्षं डोकं आपटत आला. ओट्याजवळची फळी तर नेमकी कपाळावर. तिथे आले की मान आपोआप खाली जायची. "घर हिचं आहे," ते म्हणायचे, "मी इथे फक्त टेंगळं मोजायला येतो." आमच्या ह्यांनी उंची बापाची घेतली आणि टेंगळंही.

दोरी मी पाठवली. गुडघ्याशी पिवळी गाठ, कोपराशी निळी आणि हात पोहोचेल तिथे लाल. पिवळी खरी, निळी खरी, लाल खोटी.

महिन्याने आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. सकाळची वेळ, धुकं अजून झाडांत अडकलेलं. गाडी फाटकातून आत शिरली आणि सासूबाईंनी काच खाली केली. बोचरा वारा आत आला. मी शाल ओढायला गेले तर म्हणाल्या, "थांब गं, वास घेऊ दे."

महिनाभरात त्या माणसाने काय काय केलं होतं! पायऱ्यांच्या जागी लाकडी उतार, वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, चाक घसरू नये म्हणून. सगळ्या दारांचे उंबरठे काढलेले. दिव्यांची बटणं खाली आलेली. अंगणातून खुराड्यापर्यंत विटांची वाट, आणि सासूबाईंना वाकता येत नाही म्हणून खुराडं चार खांबांवर उचललेलं.

"अहो मिस्त्री," सासूबाई म्हणाल्या, "सगळं घर खाली आलं आणि कोंबड्या तेवढ्या वर गेल्या!"

"त्यांनी माप दिलं नाही," सासरे म्हणाले.

महिन्याभरानंतर त्या हसल्या. आमचे हे मात्र उताराची लांबी पावलांनी मोजत होते, बटणं दाबून बघत होते. परीक्षकच जसे काही. मला राग आला. पण खरं कारणही मला ठाऊक होतं. भ्याला होता माझा नवरा. आई इथे, मध्येच काही झालं तर आपण दोन तास लांब, एवढाच त्याचा हिशोब.

स्वयंपाकघरात ओटा नवा होता, पहिल्यापेक्षा बराच खाली. खालून मोकळा, म्हणजे खुर्ची आत जावी. नळ बाजूला वळवलेला. आणि ओट्याच्या वर, कपाळ फोडणाऱ्या त्या जुन्या फळीच्या जागी, नवी फळी बरीच खाली बसवलेली. तिच्यावर चहाचा डबा, साखरेचा डबा, शेजारी दोरी खिळ्याला टांगलेली.

"लाल गाठीवर बसवलीय," सासरे म्हणाले. "तंतोतंत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारात हाताची घडी घालून उभे. "चल आई, होऊ दे चहा."

सासूबाईंनी स्वतः खुर्ची पुढे ढकलली. पातेलं घेतलं, नळ सोडला, शेगडी पेटवली. पाणी तापायला लागलं. मग त्यांनी फळीकडे हात उचलला. हात गेला, गेला, आणि थांबला. डबा चार बोटं वर. त्यांनी पाठ खुर्चीपासून सोडवली, मान ताणली. बोटं फळीच्या खाली हवेतच राहिली. मी डोळे मिटले. माझ्या एका गाठीने या बाईचं घर जाणार होतं.

"ए, ए, हात लावू नकोस!" सासरे एकदम ओरडले. "वार्निश ओलं आहे! कालच मारलंय. बोटं उमटतील तुझी." आणि पुढे होऊन त्यांनी दोन्ही डबे उचलून ओट्यावर ठेवले. "दोन दिवस इथूनच घे."

"आधी सांगायला काय होतं?" सासूबाई फणकारल्या. "दहा वेळा सांगितलं असेल, माणसं यायच्या आदल्या दिवशी रंगाचं काम काढू नका. ऐकतील तर शपथ!"

"चुकलं बाई."

चहा झाला. कपात ओतताना थोडा सांडला, पण तो सासूबाई धडधाकट असतानाही सांडायचा. आमच्या ह्यांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "साखर जास्त झालीय."

"म्हणजे मीच केलाय," सासूबाई म्हणाल्या. "राहिले मी इथे."

सगळे बाहेर गेल्यावर मी फळीला हात लावला. खडखडीत कोरडी. खिडकीत बाटलीत ब्रश ठेवलेला होता, तोही कोरडा.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सासूबाईंनी मला मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावलं. हात उचलला, फळीवरचा डबा घेतला, ओट्यावर आपटला. "बघ! म्हटलं होतं ना, पोहोचते म्हणून. तूच मेली पाल चुकचुकावी तशी करत होतीस."

फळी चार बोटं खाली आली होती. वर भिंतीत स्क्रूची जुनी भोकं बुजवून वर चुना फिरवलेला, पण नवा चुना जुन्यात कधी मिसळतो का? शिवण उसवून पुन्हा घातली की जसं दिसतं, तसं ते मला लगेच दिसलं. आमच्या ह्यांना काही दिसलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात हत्ती आणून बांधला तरी ते विचारतील, चहा झाला का?

त्या दुपारी मी मागे लाकडं आणायला गेले. सासरे चळतीशी उभे राहून ढलप्या निवडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस हं."

"काय बाबा?"

"शहाणी आहेस. कळलंय तुला काय ते." मग माझ्या हातात एकेक लाकूड ठेवत म्हणाले, "दुपारी जेवण झालं की ती तासभर झोपते. तेवढ्यात होतं माझं. चपला काढून जातो आत. मशीन वापरत नाही, हातानेच पिळतो स्क्रू. दोन-दोन बोटंच खाली घेतो. एकदम घेतलं तर कळेल तिला."

"पण हे किती दिवस करणार बाबा?"

"जितके दिवस फळी आहे तितके," ते म्हणाले आणि आणखी एक लाकूड माझ्या हातावर ठेवलं.

हिवाळा गेला, उन्हाळा आला, पाऊस पडून गेला. दर पंधरवड्याला आम्ही जात होतो. आजार डॉक्टरांनी सांगितल्या वाटेनेच चालला होता. आधी डावा हात गेला. मग उजव्याचा खांदा जड झाला. कंगवा डोक्यापर्यंत जाईना. वेणी मी घालायला लागले. मी नसेन तेव्हा सासरे घालायचे, आणि ती त्यांनी दोरखंड वळावा तशी घातलेली असायची. पण चहाचा डबा मात्र सासूबाई स्वतः काढायच्या. अधूनमधून फळी थोडी खाली आलेली दिसायची, आणि भिंतीवर दोन नवे पांढरे ठिपके. डबे पत्र्याचे होते ते प्लॅस्टिकचे झाले, हलके. पातेलं लहान झालं. शेगडी घासता घासता सासरे हळूच पाणी भरून ठेवायचे. यातलं काहीही कुणी बोलून दाखवलं नाही.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. सासरे अनवाणी स्वयंपाकघराकडे गेले, खिशात पेचकस. आतून सासूबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता. चांगला मोठा, खोलीबाहेर ऐकू येईल असा. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गाढ झोप तरी लागते बिचारीला.

संध्याकाळी मी वेणी घालायला बसले. तेल लावून झालं, कंगवा फिरवत होते, आणि त्या अचानक म्हणाल्या, "आज कितीशी घेतली खाली?"

माझा हात थांबला.

"विंचर गं तू. थांबू नकोस, ते बाहेरच आहेत."

"आई, तुम्हाला..."

"चाळीस वर्षं या माणसाच्या भुशात राहिले मी. ओट्यावर चुन्याचा एवढासा कण पडला तरी मला दिसतो. कळणार नाही होय?" त्यांचं बोलणंही आता सावकाश झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. "मी आपली डोळे मिटून पडते. त्यांना कळू देऊ नकोस मला कळतं म्हणून. तेवढा एक तास बरा जातो त्यांचा."

घ्या! दोन्हीकडून मलाच शपथा. हसावं की रडावं ते कळेना. मी पाठीमागे होते ते बरं, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं.

"आणि ती लाल गाठ," त्या म्हणाल्या, "तुला त्या दिवशी खोटं करायला लावलं मी. रागावलीस का गं?"

"नाही हो आई."

"चार बोटं तरी असतील नाही?"

"चारच."

"मला वाटलं होतं, घरी गेले की हात आपोआप जाईल तिथवर. वेडीच मी." मग हसल्या, पहिल्यासारखं, फक्त आवाज बारीक. "फळी आता ओट्याला टेकायला आलीय. मिस्त्रींना विचारायला हवं, अजून किती खाली नेणार? खाली जमीन आहे."

मी वेणीला गाठ मारली आणि पाणी आणण्याच्या निमित्ताने उठले. नळ सोडून तिथेच उभी राहून रडले.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा फळी भिंतीवरून उतरली होती. खुर्चीच्या दोन हातांवर बसेल अशी सासऱ्यांनी तिची पाटी करून दिली होती, कडा गुळगुळीत घासलेल्या. डबा त्या पाटीवर, हाताच्या अगदी शेजारी. सासूबाई बोटं सरकवत झाकणापर्यंत नेत, झाकण ढकलत आणि चमच्याने भुकटी काढत. एक चमचा काढायला दोन-तीन मिनिटं लागत. सासरे तोवर शेगडीजवळ उभे राहत. पाणी उकळून आटलं तर पुन्हा घालत.

"कुणाचा हात लागला नाही ना?" सासूबाईंनी ह्यांना विचारलं.

"नाही आई," आमचे हे म्हणाले. आणि त्या वेळी मला कळलं, की माझ्या नवऱ्यालाही सगळं दिसत होतं. कुणास ठाऊक कधीपासून. माझीच अक्कल कमी पडली.

थंडी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. पहाट उलटून गेली होती, कोंबड्या सोडायची वेळ झाली होती. सासऱ्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "या तुम्ही. घाई करू नका, रस्त्यावर धुकं आहे."

सगळं आटोपल्यावर आम्ही आठवडाभर तिथेच राहिलो. पाहुणे येऊन गेले. फाटक लावलं की एवढं शांत व्हायचं, की खुराड्यातली खसखससुद्धा घरात ऐकू यायची. पाचव्या दिवशी आमचे हे गाडीतून ड्रिल मशीन घेऊन आले. बापाला घरी चल म्हणून दोन दिवस विनवून झालं होतं. सासरे हूं की चूं करत नव्हते. निदान काहीतरी करावं म्हणून असेल.

"बाबा, ओटा वर उचलू. आणि एक फळी तुमच्या उंचीला लावतो. सारखं वाकून वाकून कंबर जाईल तुमची."

"राहू दे."

"अहो, पण आता..."

"राहू दे म्हटलं ना." सासरे रागावले नव्हते. "हिवाळ्यातलं घराचं काम मी करतो. तू कोंबड्यांना दाणे टाकून ये, जा."

हे गेले. मशीन ओट्यावर तसंच राहिलं. सासरे भिंतीसमोर उभे होते. वरपासून खालपर्यंत बुजवलेल्या भोकांच्या जोड्या; मी मनातल्या मनात मोजल्या, सात. शेजारी खिळ्याला दोरी अजून लटकत होती. लाल गाठीचा रंग धुराने काळपट झाला होता.

"ही गाठ तू बांधलीस ना?" त्यांनी विचारलं.

वर्षभर मनात कुरतडत होतं, ते शेवटी बोलून टाकलं. "बाबा, ती खोटी होती. चार बोटं. आईंनी सांगितलं आणि मी... तुम्ही त्यावर फळी बसवलीत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"दोरी हातात आली तेव्हाच कळलं मला."

"काय?"

"पोरी, तिच्या हातावर मी चाळीस वर्षं घर बांधलं. तिचा हात कुठवर जातो ते मला दोरीने सांगायचं?"

"मग पहिल्याच दिवशी खाली का नाही बसवलीत?"

त्यांनी दोरी बोटांनी सरळ केली. "तिने पाठवलेलं माप होतं ते. मी खाली बसवली असती, तर दारातून आत येता येताच तिला कळलं असतं, की तिचं किती गेलं ते मी मोजून बसलोय. त्यापेक्षा ओलं वार्निश बरं."

त्यांना सांगावं का, की आईंना सगळं ठाऊक होतं? वेणी घालताना दिलेला शब्द आठवत होता. माणूस गेलं म्हणून शब्द संपतो का, याचा विचार करत मी उगाच ओट्यावरचं मशीन इकडचं तिकडे करत राहिले.

"आणि झोपायची नाही ती," सासरे म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"दुपारी मी आत आलो की घोरायला लागायची. मोठ्याने. चाळीस वर्षांत ही बाई एक दिवस घोरली नाही." त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग सोडले. "मी निर्धास्त काम करावं म्हणून घोरायची. मी शेवटचा स्क्रू पिळला की थांबायची. मग मी चपला घालून पाय वाजवत बाहेर जायचो आणि हाक मारायचो, अगं, उठलीस का?"

माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. पुसायलाही सुचेना. ते दोघं वर्षभर एकमेकांना असं सांभाळत होते आणि मी वेडी, दोघांची गुपितं जपत बसले होते.

"रडू नकोस," ते म्हणाले. "चहा करतो."

चाकांची खुर्ची कोपऱ्यात घडी न करता तशीच उभी होती, पाटी हातांवर चढवलेली. त्यांनी ती ओढली, पाटी काढून बाजूला ठेवली आणि खुर्चीत बसले. सहा फुटी माणूस. गुडघे ओट्याला लागत होते, म्हणून तिरके बसले. पाटीवरचा डबा घेतला. पातेल्यात पाणी, भुकटी, दूध, आणि साखर घालताना हात जरा थांबून एक चमचा जास्तीची. सगळं हाताशी होतं, कशालाच उठावं लागलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकून आमचे हे दारात येऊन उभे राहिले. बापाला त्या खुर्चीत बघून आत आले नाहीत, तिथेच चौकटीला टेकले.

चहा गाळून झाला. सासऱ्यांनी दोन कप दोन हातांत घेतले, खुर्चीतून उठले आणि आम्हाला द्यायला वळले. भिंतीशी ओट्याजवळ आल्यावर, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी मान खाली घातली. तिथे आता काहीच नव्हतं.